बावीस पोरांचं वजन

लोकांच्या आया अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला जातात. अहिल्याबाई आल्या त्या लेकीच्या पीएचडीला. स्टेट कॉलेज नावाच्या तिच्या गावात येऊन आठवडा झाला, तरी चैत्राली धड जेवत नव्हती. तीस वर्षं खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स म्हणून काढलेल्या बाईला न जेवणारी माणसं मुळीच खपत नसत.

"अगं, झालंय काय तुला?"

"आई, परवा डिफेन्स आहे, प्रबंधाची तोंडी परीक्षा, आणि एक अख्खं चॅप्टर लटकलंय."

चैत्रालीचा विषय होता इंग्लंडातल्या एका गिरणीच्या शहरातलं जुनं बालसंगोपन केंद्र. आया दर आठवड्याला तान्ही पोरं घेऊन यायच्या, तिथल्या बाया ती तोलून वजन कार्डावर मांडायच्या. १९१३ च्या मार्चात मात्र एकाच आठवड्यात सगळ्या पोरांची वजनं घसरलेली. केंद्रानं वाटलेलं दूधच वाईट होतं, असं चैत्रालीनं ठोकून दिलं होतं. गाइडबाई पुरावा मागत होत्या आणि तो काही सापडत नव्हता.

"आण बघू ती कार्डं."

"आई, हे हिस्टरी आहे. तू काय करणार?"

"पोरं आहेत ना त्यात? मग आण!"

चष्मा चढवून त्यांनी कार्डांची एकेक प्रत पाहिली. प्रत्येक पोर जवळजवळ सारखंच घटलेलं, आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा वाढीला लागलेलं. दूध वाईट असतं तर एखादं जास्त खंगलं असतं, एखादं दगावलं असतं. हे अहिल्याबाईंनी आधी पाहिलं होतं.

"चैतू, पोरं कुठली खंगतायत! त्या आठवड्यापासून कपडे काढून तोललंय त्यांना."

"तुला कसं कळलं?"

मग सांगणं आलंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी थंडीत पोरं कुंची-दुपट्यासकट तोलली आणि उन्हाळ्यात उघडी. बावीस पोरं खंगल्याचा अहवाल तालुक्याला धाडला. डॉक्टर जीप घेऊन धावत आले, आणि गावासमोर त्यांना नाही नाही ते बोलले. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

चैत्रालीनं केंद्राची कागदपत्रं पुन्हा उपसली. त्याच आठवड्यात वजनाच्या खोलीत शेगडी बसवली होती, आता पोरं उघडी तोलावीत असा ठराव होता. फर्निचरचा कागद म्हणून तिनं तो कधी वाचलाच नव्हता!

डिफेन्सला अहिल्याबाई इरकली नेसून मागं बसल्या. हे सुचलं कसं, असं गाइडबाईंनी विचारताच चैत्रालीनं सरळ त्यांच्याकडे हात केला. "माय मदर मेड द सेम मिस्टेक."

मिस्टेक एवढं त्यांना कळत होतं. कानशिलं तापली. कार्टीनं परदेशात येऊन आईची अब्रू काढली!

"आई, त्या विचारतायत, चूक कळल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? घरोघरी गेले. चार दिवसांत बावीसच्या बावीस पोरं परत तोलली. आयांना म्हटलं, बाई, चूक माझी, तुझ्या दुधात काही खोट नाही. रडून रडून डोळे सुजले होते गं त्यांचे."

चैत्रालीनं इंग्रजीत सांगितलं. गाइडबाईंनी एक कार्ड उचलून त्यावरचा शेरा मोठ्यानं वाचला. आई निष्काळजी. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच.

"त्या आयांना कुणी सांगितलं का, की पोरं ठीक आहेत?" गाइडबाईंनी विचारलं.

"नाही," चैत्राली म्हणाली. "सगळे कागद पाहिले. कुणीच नाही सांगितलं." मग शेरे आणि हे सगळं तिनं आईलाही मराठीत सांगितलं.

गाइडबाई उठल्या. 'डॉक्टर' म्हणून चैत्रालीचा हात हातात घेतला, आणि मग मागच्या रांगेपर्यंत चालत आल्या.

"आई, त्या म्हणतात, प्रबंधात तुझं नाव घालायचं. मानानं."

अहिल्याबाईंचा ऊर भरून आला. लेक डॉक्टर झाली होती, आणि ती चूक आता लपवायची राहिली नव्हती.

"माझं घाल हवं तर," त्या म्हणाल्या. "पण आधी त्या आयांची घाल. एकेकीचं नाव घेऊन लिही, तिची काही चूक नव्हती."

हे इंग्रजीत सांगायच्या आधी चैत्रालीनं कार्डं पुढ्यात ओढली आणि पहिल्या आईचं नाव लिहून घेतलं.