कळपाबाहेर ओढलेला मेंढा

मित्रांनो, मी एक जुना मेंढा आहे. वळसंगच्या बिरप्पांच्या कळपात मी पाच वर्षे सर्वांत पुढे चाललो. तरीही माझी हुशारी कशात होती आणि मूर्खपणा कशात, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी अंगाने भरलो तेव्हा बिरप्पांनी मला शिंग धरून कळपाबाहेर ओढले, कपाळाला भंडारा लावला आणि गळ्यात घुंगरू बांधले. मी जाईन तिकडे साठ मेंढरे येऊ लागली. एकदा अक्कलकोटच्या रस्त्यावर ट्रक अंगावर आला. मी बांधावरून उडी घेतली आणि माझ्यामागे सगळी वाचली. त्या दिवशी मला घरातली भाकरी मिळाली. मी फार फुगलो, हे कबूल करतो.

यंदा दिवाळीनंतर मी अशीच बांधावरून उडी घेतली. पलीकडे गावातल्या बापूसाहेबांची तूर होती. साठ तोंडांनी ती फस्त केली आणि बिरप्पांना गावासमोर मान खाली घालावी लागली. उडी तर तीच होती. मग एकदा भाकरी आणि एकदा काठी का, ते मला कळेना.

त्याच आठवड्यात बिरप्पांची मुलगी सृष्टी कॉलेजातून रडवेली होऊन आली. वर्गात पहिली येणारी ती, पण सरांनी तिच्या इंग्रजी निबंधावर लाल शाईने ‘इग्रीजिअस चूक’ असे लिहिले होते. आम्हाला कोंडायच्या जाळीपाशी बसून तिने मोबाइलवर अर्थ शोधला.

“आप्पा, ह्याचा अर्थ ढळढळीत वाईट. पण मूळ लॅटिन शब्द म्हंजे कळपातनं भाईर काढलेला. आदी लई नावाजलेल्या माणसाला म्हणायचे. मग लोकांनी बहुतेक टोमणा म्हणून वापरला, आन् आता वाईटच अर्थ उरलाय.”

“आमी बी तेच करतो की,” बिरप्पा म्हणाले. “चांगल्याला बी भाईर वढतो, वाईटाला बी.”

मी कान टवकारून ऐकले, पण माझा गोंधळ वाढलाच.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या भवानी पेठेतले मटणाचे व्यापारी अझरुद्दीनभाई टेम्पो घेऊन आले. बिरप्पांनी शिंग धरून मला बाहेर ओढले. या वेळी भंडारा नव्हता.

“आप्पा, ह्येनं साठ जीव वाचवलेत,” सृष्टी म्हणाली. “एका चुकीनं ते पुसायचं व्हय?”

बिरप्पांनी शिंगावरची पकड सैल केली. मग त्यांनी माझे घुंगरू सोडून एका तरण्या मेंढ्याला बांधले आणि मला कळपात ढकलले.

“ह्यो न्हाय, भाई. दुसरा बगा.”

टेम्पोत दुसराच मेंढा चढला. त्याने कधी काही चांगले किंवा वाईट केल्याचे मला आठवत नाही.

आता मी सर्वांत मागे चालतो. ही माफी आहे की शिक्षा, कोण जाणे. मित्रांनो, कुणाला चारचौघांतून बाहेर ओढाल, तेव्हा का ओढले ते त्याला सांगत जा. शिंगावरचा हात कौतुकाचा की बाजाराचा, हे आम्हाला अजून ओळखता येत नाही.