गडग्याआडचा बाजा

मी एक जुना बाजा आहे. शिकलेली माणसे मला माउथ ऑर्गन म्हणतात. पण ज्यांनी मला ओठांना लावले त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडी ते नाव बसले नाही, आणि मलाही बाजा म्हणवून घ्यायची सवय झाली. आज माझे पितळ हिरवे पडले आहे, लाकूड एका बाजूने चिरले आहे. रत्नागिरीबाहेर महारोग्यांच्या वस्तीत, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांच्या फळीवर मी पडून आहे. मला कोणी हात लावत नाही. का लावत नाही, ते मित्रांनो, आज तुम्हांला सांगणार आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका डोंगराळ गावात झाला. मोठी लढाई संपून थोडीच वर्षे झाली होती. कारागिरांनी लाकडाला ओळीने खाचा पाडल्या, वर-खाली पितळी पट्ट्या ठोकल्या आणि त्या पट्ट्यांत बारीक बारीक जिभा बसवल्या. माझ्या प्रत्येक भोकात दोन सूर राहतात. फुंकर घातली की एक निघतो, श्वास आत ओढला की दुसरा. नवशिक्या माणसाला हे पटता पटत नाही. त्याला वाटते, फुंकणे तेवढे वाजवणे आणि ओढणे म्हणजे नुसता दम घेणे. अशा माणसाच्या हाती पडलो की माझा जीव मेटाकुटीला येतो.

बोटीने मी मुंबईच्या बाजारात आलो. तिथे मला रमजान नावाच्या खलाशाने घेतले. रमजान दाभोळचा. मोठ्या बोटीवर कामाला होता. काय वाजवायचा तो! पाळी संपली की डेकवर बसायचा आणि खलाशी हातातली कामे टाकून भोवती जमायचे. 'बाजा नाही, बुलबुल आहे,' असे ते म्हणायचे. मला गर्व झाला होता, खोटे कशाला सांगू? ते माझे सुखाचे दिवस होते, आणि ते लवकर सरले.

रमजानच्या पाठीवर एक चट्टा उठला. मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या, आणि एक दिवस गरम चहाची किटली हातात धरूनही त्याला चटका कळला नाही. बोटीवरून त्याला उतरवले. दाभोळला घरच्यांनी ओटीवरूनच परत पाठवले, आणि तो या वस्तीत आला. वस्तीभोवती जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे छातीइतकी भिंत आहे. गडग्याखालून देवरूखकडचा रस्ता शहरात जातो. त्या रस्त्याने जाणारी माणसे आमच्यापाशी आली की नाकाला फडके लावतात आणि भराभर पावले उचलतात.

इथे आल्यावर काही वर्षांनी रमजानचे ओठ बधिर झाले. तोंड एका बाजूला ओढले गेले आणि त्याची फुंकर गालातून निसटू लागली. त्याने मला उशाशी ठेवून दिले. मी मुका झालो.

तेव्हा आमच्या शेजारच्या खाटेवर महिपत होता. देवरूखकडच्या एका वाडीतला शेतकरी. गणपतीत त्यांच्या वाडीचा नाच निघायचा आणि त्यात मृदंग महिपतचा असायचा. आता त्याची बोटे आत वळली होती. मृदंग संपला होता. एकदा रमजानने मला त्याच्यापुढे धरले आणि म्हणाला, "याला बोटं लागत नायत. दोन तळव्यांत धर नि फुंक."

महिपतने मला घेतले आणि थेट आडावर गेला. चिंच आणि राख घेऊन तो मला तांब्यासारखा घासायला बसला. रमजान लंगडत धावला.

"भांडं हाय काय तां? लाकूड फुगंल. मरंल बाजा."

"नाय, म्हंजे... तुज्या तोंडचा हाय म्हून."

"माज्या तोंडचा हायच. नको तर ठेव."

महिपत हातातल्या चिंचेकडे पाहत राहिला आणि हसला. "खरा हाय तुजा. हितं आता कुनाचं उष्टं नि कुनाचं चोखट." न धुताच त्याने मला ओठांना लावले. घरी असता तर त्याने रमजानच्या हातचे पाणीही घेतले नसते.

मित्रांनो, महिपतइतका वाईट शिष्य मी पाहिला नाही. एका वेळी तीन-तीन भोकांत फुंकायचा. सुरांची नुसती मारामारी. माझ्यात थुंकी साठायची, जिभा चिकटायच्या, आणि तो मला मांडीवर असा आपटायचा की माझे खिळे हलायचे. ओठांची सालटी निघाली. खाटेवरचे रोगी म्हणायचे, याच्यापेक्षा कोल्हे बरे. पण तो हट्टाला पेटला होता. त्याला एकच गाणे शिकायचे होते, आणि तेही त्याचे स्वतःचे.

त्याची एकुलती मुलगी गोदा. ती लहान असताना महिपत तिला खांद्यावर बसवून सड्यावरून शेतात न्यायचा. सडा म्हणजे उघडा कातळ. उन्हात पाय भाजतात. तेव्हा तो गायचा:

उन्हा उन्हा, जरा थांब,
गोदू माझी चालली लांब.

'थांब' म्हटले की तो खरोखरच थांबायचा. पाय थांबवायचा, गाणे थांबवायचा, श्वाससुद्धा कोंडून धरायचा. मग वरून गोदा त्याच्या डोक्यावर चापट मारायची, की गाडी पुढे निघायची. हा त्या बापलेकीचा खेळ होता.

बाजावर वाजवतानाही महिपत तिथे थांबायचा. रमजानला ते खपायचे नाही. "गाना मधीच कशाला तोडतोस? 'थांब' फुंकून येतो, 'गोदू' ओढून येतो. ओढतोस तो दम पन सूरच हाय. थांबायचा कशाला?"

"तां तसंच हाय," महिपत म्हणायचा. "तिथं थांबायचंच असतं."

रमजान कपाळाला हात लावायचा. मला मात्र ते थांबणे आवडू लागले होते. तेवढ्या वेळात महिपतचे डोके किंचित पुढे झुकायचे, चापटीची वाट बघितल्यासारखे.

महिपतची बायको कमळा बाजाराच्या दिवशी शहरात यायची आणि परतताना गडग्यापाशी उभी राहायची. तांदळाच्या भाकरी दगडावर ठेवून ती मागे सरायची, मग महिपत पुढे व्हायचा. त्यांच्या वाडीत कोणालाच खरे माहीत नव्हते. अर्ध्या घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत. तसाच महिपतही मुंबईस गेला, असे कमळाने सांगितले होते. 'मुंबईस गेलाय' म्हटले की आमच्याकडे कोणी पुढे विचारीत नाही. पण वर्षे गेली, मनीऑर्डर येईना, गणपतीला माणूस येईना. मग लोकांनी आपल्या मनाने पुढचे रचले.

एका चैत्रात कमळा आली आणि भाकरी न ठेवताच बोलू लागली. "गोदीचं लगीन ठरलंय. शहराच्या अलीकडच्या वाडीत. मान्सं चांगली हायत. वैशाखात वरात हितूनच जाईल."

महिपतचा चेहरा फुलला. "मी वाजवीन," तो म्हणाला. "गडग्याआड वाकून उभा ऱ्हाईन. कोनाला दिसायचा नाय. तिला तेवढं कळंल, बापूस हाय."

कमळा खाली बसली. "अवो, नका. पोरगी अजून जात्यावर तांच गानं म्हनते, नि 'थांब'ला थांबते. ऐकलान तर डोलीतून उडी टाकील. मग काय ऱ्हाईल? रोग्याची लेक म्हून त्याच पावली परत धाडतील तिला."

"तिला काय वाटतं माज्याबद्दल?"

कमळाने आता भाकरी दगडावर ठेवल्या. मग म्हणाली, "लोक सांगतात, मुंबईत दुसरी केलान. तिला खरं वाटतं. तुमचं नाव काढलं की उठून जाते."

मित्रांनो, मी तेव्हा महिपतच्या मुठीत होतो. ती मूठ इतकी आवळली गेली की माझे लाकूड कुरकुरले, आणि ती चीर बहुधा त्याच दिवसाची आहे. बधिर हाताला आपण किती दाबतो आहोत ते कळत नाही.

कमळा गेल्यावर तो रमजानपाशी आला. "न थांबता कसं वाजवायचं, तां शिकव."

मग शिकवणी सुरू झाली, आणि ती पहिल्यापेक्षा कठीण होती. 'थांब'ला आला की महिपतचा श्वास आपोआप अडायचा. रमजान त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "ओढ. आता ओढ." महिपत ओढायचा, पण उशिरा. त्यातून त्याचा खालचा ओठ बधिर होत चालला होता. भोके ओठांना लागेनाशी झाली, आणि सूर चुकला तरी का चुकला ते त्याला उमगेना. ओठ आधी जातात की वैशाख आधी येतो, एवढीच आता शर्यत होती. शेवटी कधी गाणे अखंड यायचे, कधी मध्ये तुटायचे. त्या दिवशी तो काय करणार आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यालाही ठाऊक असेल असे वाटत नाही.

वरात भर दुपारी आली. सनई-ढोल लांबून ऐकू येत होते. पण वस्ती जवळ आली तशी वाजंत्र्यांनी वाद्ये काखेत मारली आणि नाकाला फडकी लावली. सगळीकडे शांत झाले, फक्त पावले वाजत होती. महिपत गडग्याआड वाकून उभा होता आणि दगडांच्या फटीतून मला रस्ता दिसत होता. डोलीचा पडदा उकाड्याने वर केलेला होता. आत गोदा बसली होती, हळदीने पिवळी. बाजूने कमळा चालत होती. तिने एकदा गडग्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

महिपतने मला ओठांना लावले. पहिली ओळ आजवर इतकी स्वच्छ कधीच निघाली नव्हती.

वरात थबकली. गोदाने मान वर केली. "आये, कोन गं?"

"कोन नाय. रोगी असंल. तोंड फिरव," कमळा म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

गोदाने तोंड फिरवले नाही. गाणे 'थांब'पाशी येत होते आणि तिचा उजवा हात मांडीवरून उचलला जात होता, बांगड्यांसकट, हळूहळू. मी तो हात पाहिला. महिपतनेही पाहिला. फटीतून त्याचा डोळा त्या हातावरच होता. तो एक क्षण थांबला असता, तर तिला सगळे कळले असते. बापाने दुसरी केली नाही, टाकले नाही, तो इथे आहे, वाटेवर उभा आहे.

महिपतने श्वास ओढला. 'गोदू'चा सूर 'थांब'ला चिकटून निघाला आणि गाणे न अडता पुढे गेले.

गोदाचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि कपाळावरच्या मुंडावळ्या सारख्या केल्या.

नवऱ्याचा चुलता भिकाजी पुढे आला. म्हातारा माणूस, वाईट नव्हता. जोडप्याची काळजी वाहणारा होता. "शुभकार्यात ह्यांचा वारा नको पोरीवर," असे म्हणून त्याने एक नारळ नवरानवरीवरून उतरवला आणि गडग्यापलीकडे भिरकावला. नारळ महिपतच्या गुडघ्यावर आदळला. तो डगमगला, पण वाजवत राहिला. भोयांनी पाय उचलले आणि डोली पुढे निघाली.

गाणे संपल्यावर तो खाली बसला. त्याच्या ओठातून रक्त येत होते, त्याला कळत नव्हते. "वळखलान नाय," तो रमजानला म्हणाला. "बरा झाला."

वस्तीतले रोगी नारळाभोवती जमले, पण कोणी हात लावीना. उतरवलेला नारळ खायचा नसतो. जो खाईल त्याच्याकडे सगळी पीडा येते, हे महारोग्यालाही ठाऊक असते.

"फोड," महिपत म्हणाला.

"येडा हायस काय? उतारा हाय तो."

"म्हूनच फोड."

रमजानने नारळ जांभ्यावर आपटला. महिपतने वळलेल्या बोटांनी खोबरे उचलले आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत एकट्याने खाल्ले. कोणी मागितले असते तरी त्याने दिले नसते. खाताना तो एवढेच म्हणाला, "तिच्यावरचं सगळं माज्याकडं येऊं दे."

त्यानंतर महिपतने मला वाजवले नाही. पुढच्या भातकापणीपर्यंत त्याचे दोन्ही ओठ गेले आणि त्याच्या पुढल्या वर्षी तोही गेला. गोदा सुखात आहे, तिला मुलगा झाला, एवढे कमळाकडून त्याच्या कानावर आले होते. मुलीला खरे कधी सांगितले का, ते मला माहीत नाही. तो गेल्यावर कमळा पुन्हा गडग्याशी आली नाही. महिपतची चटई आणि घोंगडे जाळले. मला रमजानने फळीवर ठेवले; मग तोही राहिला नाही. नवी माणसे येतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, कोणाच्या तोंडचा असेल कोण जाणे.

मित्रांनो, मला पुन्हा कोणी ओठांना लावावे असा माझा हट्ट नाही. माझ्या जिभा गंजल्या, त्यांना आता सूर नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल तर त्याला पाण्यात बुडवू नका, वाजवून झाल्यावर तळव्यावर हलकेच झटका, कोरड्या फडक्यात ठेवा. आणि कधी वाटेने जाताना एखाद्या गडग्याआडून कोणी काही वाजवत असेल, तर नाकाला फडके लावून पळू नका. महिपतची शेवटची ओळ वाजली तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. तुम्ही तेवढे गाणे संपेपर्यंत उभे राहा.