ताटापुरतं वाचलेलं पुस्तक

मी वाचनालयातलं एक पुस्तक. पिकांवर फवारल्या जाणाऱ्या विषांबद्दल माझ्यात लिहिलंय. पुस्तकानं शांत असावं म्हणतात. आज मला ते जमणार नाही.

मला लिहिणारी बाई सहा वर्षं शेतं, बागा आणि दवाखाने हिंडली. मी छापून आलो तेव्हा माझ्यासाठी नंबर लागायचे. लोक दचकून वाचायचे, मग उठून फळं मिठाच्या पाण्यात बुडवायचे. दुकानदारांनी ‘विषमुक्त माल’ अशा पाट्या लावल्या. मला वाटलं, जिंकलो.

पण माझी पानं बघा. फळं कशी धुवावीत, ते पान हाताळून हाताळून मऊ पडलंय. फवारणी करणाऱ्या माणसांचं प्रकरण मात्र छापखान्यातून आलं तसं कोरं करकरीत होतं.

ते पहिल्यांदा उघडलं एका फवारणीवाल्याच्या बायकोनं. नवरा एका मोठ्या फळबागेत पाठीवर पंप घेऊन फवारायचा. त्याचे हात थरथरायला लागले होते, म्हणून तिनं मला घरी नेलं. तो जेवत होता, ती मोठ्यानं वाचत होती. मध्येच थांबली.

“अहो, पंपाचं नोझल तुंबलं की तुम्ही काय करता?”

“काय करणार? तोंडात धरून फुंकतो. सगळेच फुंकतात.”

“इथं लिहिलंय, तसं केलं तर विष थेट पोटात जातं.”

“पुस्तकाला काय जातंय सांगायला,” तो हसला. पण घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं दात घासायचा एक जुना ब्रश सुतळीनं त्याच्या पंपाला बांधून दिला. चार दिवस त्यानं नोझल ब्रशनं साफ केलं. पाचव्या दिवशी तो घरी आला तेव्हा पंपाला ब्रश नव्हता. बायकोनं खोदून विचारल्यावर कळलं, बागेचा मालक सगळ्यांसमोर म्हणाला होता, “काय रे, नोझलला दात आलेत का, घासत बसलायस? फुंक आणि चल पुढे.” सगळी बाग हसली होती. ब्रश नवऱ्यानं स्वतःच तोडून फेकला होता.

त्या मालकाला मी चांगला ओळखतो. वाचनालयात माझ्यावर पाऊण तास भाषण त्यानंच ठोकलं होतं.

आता फवारणीवाला दवाखान्यात आहे. फवारता फवारता कोसळला. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, हातांचं सांगता येत नाही. मी खाटेशेजारच्या स्टुलावर आहे. काल मालक भेटायला आला आणि त्यानं फळांची टोपली माझ्यावरच ठेवली.

“ताई, याला बिनधास्त खायला द्या. घरच्यांसाठी चार झाडं वेगळी राखलीत. त्यांच्यावर औषधाचा थेंब पडू देत नाही. हे पुस्तक वाचलं तेव्हापासून.”

फवारणीवाल्याच्या बायकोनं टोपली उचलून परत मालकाच्या हातात दिली.

“आणि यांना कुठल्या झाडांत धरलं होतंत, मालक?”

तो टोपली घेऊन निघून गेला.

वाचकांनो, तुम्ही मला घाबरून वाचलंत, आणि घाबरलात फक्त स्वतःसाठी. तुमच्या फळावरचं विष पाण्यानं निघतं. या माणसाच्या अंगातलं कशानं काढायचं, ते माझ्या एकाही पानावर लिहिलेलं नाही.