सगळ्यांची दुसरी पसंती

आर्लिस हेगनने ज्याच्या नावाची पाटी अंगणात रोवली, त्या उमेदवाराने मृत्युपत्र करून ठेवावं, असं गावात म्हणत. हे पहिल्यांदा म्हणणारा माणूस शेजारचा डेल्मर बूमा, आणि तो ते तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिचीच कॉफी पीत म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायला दर चार वर्षांनी अमेरिकेतल्या या आयोवा राज्यातून सुरुवात होई. आर्लिस सगळ्यांची भाषणं ऐकायची, त्यातला सगळ्यात समंजस माणूस हेरायची, आणि तो माणूस गावच्या शाळेच्या व्यायामशाळेतच गारद व्हायचा. देशभर हरण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. देश मोठा आहे, तिथे काहीही होतं. पण आपल्या गावात, ओळखीच्या लोकांसमोर, आपला माणूस एकदा तरी टिकावा एवढंच तिचं मागणं होतं. सत्तरी उलटलेल्या बाईने चार-चार वर्षांनी किती वेळा मागायचं?

या खेपेचा माणूस होता गव्हर्नर वेंडेल प्रेथर. कर वाढवू असं तो म्हणाला नाही, कमी करू असंही नाही. औषधं फुकट द्यावीत का, असं कोणी विचारलं तेव्हा औषधांच्या किमती कशा ठरतात ते त्याने मुळापासून सांगायला घेतलं, आणि सभेतली दोन माणसं झोपली. आर्लिसला तो तिथेच पटला.

सबंध हिवाळाभर ती घरोघर फिरली. कोणीही दार लावून घेतलं नाही. लोकांनी आत बोलावलं, केक खाऊ घातला, आणि निघताना सांगितलं, "प्रेथर ना? भला माणूस. माझी दुसरी पसंती तोच."

"गावात एकसुद्धा माणूस त्याच्या विरोधात नाही," आर्लिस नवऱ्याला म्हणाली.

"अगं, असा एक मुलगा प्रत्येक लग्नात असतो," व्हर्लिन म्हणाला. "सगळ्या मुलींना आवडतो. घरी एकटाच जातो."

व्हर्लिन निवृत्त पोस्टमन होता. सबंध नोकरीत त्याने एकाही कुत्र्याला दगड मारला नव्हता आणि एकाही माणसाला नाही म्हटलं नव्हतं. आर्लिसने त्याच्याशी लग्न केलं ते याच गुणावर, आणि निवडीच्या संध्याकाळी तिचा घात झाला तोही याच गुणाने.

रिवाज असा. मतपत्रिका नाही, पेटी नाही. शाळेत जमायचं आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. ज्याच्यामागे शेकडा पंधरा माणसं नसतील तो बाद. त्याच्या लोकांनी मग अर्ध्या तासात दुसरा कोपरा धरायचा, नाहीतर इतरांना फोडून आपला कोपरा भरायचा.

त्या संध्याकाळी व्यायामशाळेतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर बर्फाळ बुटांचं पाणी साचलं होतं. ऐंशी माणसं आली होती, म्हणजे टिकायला बारा हवी होती. बहुतेक सगळी थिआ लॉकरिजबाईंच्या मागे गेली. ही उमेदवार बाई इतकी तावातावाने बोलायची, की तिचं ऐकून आल्यावर लोक घरच्यांवरही ओरडत. डेल्मर ओटिस रिंगरच्या कोपऱ्यात होता. रिंगर सगळंच फुकट देणार होता. आर्लिस प्रेथरच्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या गुणफलकाखाली, कॉफीच्या टेबलाशेजारी उभी होती.

अध्यक्षबाई कोरीनने शिट्टी वाजवून आकडे वाचले. "रिंगर, अकरा. प्रेथर, बारा."

बारा! आर्लिसने डोळे मिटले. काठावर का होईना, पण उभा होता. रिंगरवाल्यांना एक माणूस कमी पडत होता. त्यांनी अर्धा तास हातपाय मारायचे आणि आपण नुसतं उभं राहायचं. उभं राहण्यात मवाळ माणसांचा हात कोण धरणार?

ती गळ्यातला मफलर नीट करते न करते तोच तिला मैदान ओलांडणारी एक पाठ दिसली. तपकिरी कोट, किंचित वाकलेली. चाळीस वर्षं ती पाठ तिने रोज सकाळी टपालाची पिशवी घेऊन जाताना पाहिली होती.

"व्हर्लिन! कुठे निघालास?"

"डेल्मरला एक माणूस कमी पडतोय गं," तो वळून म्हणाला. "बिचाऱ्याचं तोंड बघवेना. आपल्याकडे एक जास्तीचा आहेच."

"जास्तीचा? कोण जास्तीचा?"

"मी मोजले. तेरा."

आर्लिसने मोजले. तेरावी होती मार्ला. ती दुसऱ्या पक्षाची. शाळेच्या बँडसाठी लिंबाच्या वड्या विकायला आली होती आणि वड्यांचं टेबल या कोपऱ्यात म्हणून इथे उभी होती.

"मला कशाला बघताय?" मार्ला म्हणाली. "मी तुमच्यातल्या एकालाही मत देणार नाही. वडी घेणार का?"

व्हर्लिन मधल्या वर्तुळात थबकला. चूक त्याच्याही लक्षात आली होती. पण रिंगरच्या कोपऱ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि डेल्मर दोन्ही हात पसरून उभा होता.

"परत ये," आर्लिस म्हणाली.

"शब्द दिला गं त्याला."

"आणि मला?"

"तूच तर म्हणतेस, समोरच्याचंही बघावं."

ते तिचंच वाक्य होतं. व्हर्लिन पलीकडे गेला. डेल्मरने त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग आर्लिसने ज्या गोष्टीवर तिचा विश्वास होता ती केली. समजावलं. लॉकरिजवाल्यांकडे गेली आणि म्हणाली, "तुमच्याकडे इतकी माणसं आहेत, एकाने काय फरक पडणार?" त्यांनी शांतपणे ऐकलं. "पटतंय हं," एक बाई म्हणाली. "माझी दुसरी पसंती तोच आहे. थिआ बाद झाली असती तर लगेच आले असते." तिच्या शेजारच्याने मान डोलावली. त्याच्या मागच्यानेही. आर्लिसने वळून बघितलं. सबंध व्यायामशाळा तिच्या माणसाला चांगलं म्हणत होती, आणि त्याला एक माणूस मिळत नव्हता.

"पाच मिनिटं," कोरीनने ओरडून सांगितलं.

"आर्लिस, पाटी काढायला येऊ का उद्या?" डेल्मर पलीकडून म्हणाला. "जमीन गोठलीय, कुदळ आणतो!"

लोक हसले. व्हर्लिनसुद्धा हसला, सवयीने.

पुढे जे झालं त्याबद्दल गावात दोन मतं नाहीत. आर्लिस हेगन मैदान ओलांडून गेली, नवऱ्याच्या कोटाला छातीपाशी धरलं आणि त्याला ओढत निघाली. एक बटण तुटून तिच्या मुठीत राहिलं. "अगं, अगं," करत व्हर्लिन ओल्या फरशीवरून घसरत आला. "शब्द माझा पहिला होता," ती म्हणाली, "एकेचाळीस वर्षांपूर्वीचा. चर्चमध्ये. साक्षीदार तुझा हा डेल्मरच होता." फलकाखाली आणून तिने त्याला उभं केलं आणि त्याच्या दंडाला धरून ठेवलं.

"हे चालतं का?" कोणीतरी विचारलं.

कोरीनने नियम आठवून पाहिले. नवऱ्यांबद्दल त्यात काही नव्हतं. शिट्टी वाजली. "प्रेथर, बारा. रिंगर, अकरा. रिंगर बाद."

रिंगरचे अकराही जण लॉकरिजबाईंच्या कोपऱ्यात गेले. जाताना डेल्मरने आर्लिसकडे पाहिलं नाही.

थंडीच्या दिवसांत शेजारी एकाच गाडीने येत, त्यामुळे परतताना डेल्मर मागच्या सीटवर होता.

"मी तुझ्याकडेच येणार होतो," तो म्हणाला. "माझी दुसरी पसंती तोच होता."

"मग का नाही आलास?"

"व्हर्लिनच्या दंडावरचा तुझा हात बघितला."

तेवढ्यात फोन वाजला. आर्लिसचे हातमोजे निघेनात म्हणून व्हर्लिनने तो स्पीकरवर लावला. खुद्द गव्हर्नर प्रेथर होते. राज्यात ते पाचवे आले होते; त्यांच्या मते ते उत्साहवर्धक होतं. "हेगनबाई, तुमच्या गावाचं नाव मी सगळीकडे घेणार आहे," ते म्हणाले. "या देशात शांतपणे बोलून अजून माणसं जिंकता येतात, ते तुम्ही दाखवून दिलंत. कसं जमवलंत?"

आर्लिसच्या मुठीत अजून ते बटण होतं.

"समजावून सांगितलं," ती म्हणाली.

"फार छान समजावते, साहेब," मागून डेल्मर म्हणाला. "समोरच्याच्या कोटाला बटण राहत नाही."

गव्हर्नर मनापासून हसले. हा वाक्प्रचार आपण ऐकला नव्हता, पुढच्या भाषणात वापरू, असं म्हणाले. फोन ठेवला.

डेल्मरच्या घरासमोर गाडी थांबली. तो उतरला, टोपी कानांवर ओढली. पलीकडे हेगनांच्या अंगणात गुडघाभर बर्फात प्रेथरची पाटी उभी होती. थोडी कललेली, पण उभी.

"कुदळ आणत नाही उद्या," तो म्हणाला. "गुरुवारी पत्ते आहेत ना?"

"आहेत."

"मग येतो. पण माझा जोडीदार व्हर्लिन. त्याला धरून ठेवायचं नाही."

आर्लिसने काच वर केली आणि बटण नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. ते शिवायचं कोणी, याबद्दल मात्र ती काही बोलली नाही.