चतुराबाईंचा खड्डा

"नुसती भाजीची सालं टाकू नको, वाळका पालाबी मिसळ," खालच्या मजल्यावरच्या चतुराबाईंनी बजावलं होतं. मी हसून सोडून दिलं.

तारनाक्याच्या आमच्या गल्लीत पाला जाळायचे. त्या धुराने माझी लेक त्रिवेणी खोकायची, म्हणून पाला-कचरा जिरवायला मी अंगणात खड्डा केला होता. पण आधी त्यात नुसती सालंच टाकली, आठवड्यात घाण सुटली. "उद्यापासून परत जाळू," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

चतुराबाई फावडं घेऊन आल्या. "अगं डिग्रीवाले, खड्ड्यालाबी हवा लागती!" दोघींनी पाला मिसळून खालीवर केला, दोन दिवसांत वास गेला.

आता झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन थोडा हळूहळू हवेत परततो, थोडा मातीत राहतो. धूर होऊन लेकीच्या छातीत जात नाही.

आम्ही चार दिवस गावाला आहोत. आमच्या गल्लीतून जाणार असाल, तर चतुराबाईंकडे जरा डोकावाल का? कंबर दुखत असली तरी एकट्याच फावडं मारत असतील.