तिसरा दिवा

"महिन्यात तिसरा," काउंटरखालच्या खोक्यांत हात घालून दुकानदार पुटपुटला. "सायकल चालवायचीय की विमान उतरवायचंय, कोण जाणे."

ऐकायला कुणी नाही असं त्याला वाटलं होतं. पण ती काउंटरला टेकूनच उभी होती. शब्द न् शब्द तिच्या कानांवर पडला. तिने पर्सची चेन उगाच उघडली, उगाच लावली. नवरा अजून दुकानाच्या छपराखाली सायकलला कुलूप घालत होता. किल्लीचं भोक तो हल्ली बोटाने चाचपून शोधायचा, त्यामुळे वेळ लागे.

दुकानदार वर आला आणि तिला पाहून ओशाळला.

"ताई, तुम्ही इथेच होय! नाही, माल परत घ्यायला माझी ना नाही हो. पण दुसऱ्या दिव्यात खोट काय निघाली, तेवढं कळलं तर बरं."

"उजेड पुरत नाही म्हणतात."

"पुरत नाही? माझा मेव्हणा तोच दिवा लावून घाट उतरतो."

"घाट उतरायला काय, घाटाला कठडा असतो," ती म्हणाली, आणि आपण भलतंच बोलून गेलो असं वाटून तिने पुन्हा पर्स उघडली.

कालव्याच्या रस्त्याला कठडा नव्हता. तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता, रात्रपाळीला. संध्याकाळी जायचा, पहाटे अंधारातच परतायचा, आणि जाताना उजव्या हाताला पाणी, येताना डाव्या. मागल्या आठवड्यात तो घरी आला तो एक बाही खांद्यापर्यंत भिजवून. वळणावर कुत्रं आडवं आलं, म्हणाला. तिने शर्ट पिळून दोरीवर टाकला. सासूने कुत्र्याचा रंगसुद्धा विचारला नाही. एरवी ती बाजारातून आणलेल्या मिरचीचीही उलटतपासणी घेणारी बाई.

नवरा आत आला, तो दाराच्या चौकटीला हात लावूनच.

"हं, काय म्हणता शेठ? तुमचा तो दुसरा दिवा म्हणजे नुसता तोंडदेखला. लांबचं झाड उजळतो, चाकापुढचा खड्डा लपवतो. पहिला तर काय, काजवा बरा."

"आता हा बघा." दुकानदाराने मुठीएवढा काळा दिवा काउंटरवर ठेवला. "चार्जिंगचा आहे, अख्खी पाळी पुरेल. पाऊस लागला तरी बिघडत नाही. झोत खाली पडतो, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. याच्या वरचे आहेत माझ्याकडे, पण ते शर्यतवाल्यांचे. तुमच्या पगारात ते घ्या असं मी सांगणार नाही."

"म्हणजे स्वस्तात मस्त."

"स्वस्त नाही म्हणणार. रास्त."

या दुकानदाराची एक रीत होती. तो कधीही काउंटरवर दिवा लावून दाखवत नसे. उजेडात दिवा विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकाला तो मागच्या कोठीत नेई, दार लावून घेई आणि मग दिवा हातात देई. कोठीच्या टोकाच्या भिंतीवर टायर टांगलेले होते आणि प्रत्येकाखाली खडूने मोठ्ठे आकडे लिहिलेले होते.

दार लागलं. खट्कन दिवा पेटला.

तिला वाटलं, भिंतच अंगावर आली. टायरांच्या नक्षीतली धूळ दिसत होती. सव्वीस, चोवीस, वीस. खाली डाव्या हाताला पॅडलांचं खोकं, त्यावर कुणीतरी विसरलेला चहाचा कप. इतका उजेड तिच्या शिवणाच्या टेबलावरही नव्हता.

"वाचा," दुकानदार म्हणाला.

नवऱ्याने दिवा उगाच वरखाली केला. "हं. स्वच्छ दिसतंय."

"काय लिहिलंय?"

"आकडे."

"कुठले?"

"अहो, मी काय शाळेत आलोय? रस्त्यावर कोण आकडे लिहून ठेवतं?" तो हसला. दुकानदारही हसला, पण हसू मध्येच राहून गेलं, कारण नवरा दाराकडे वळला आणि थेट पॅडलांच्या खोक्यावर गेला. कप फुटला. पॅडलं खळखळत जमिनीवर पसरली.

"केवढी अडगळ ठेवलीय हो तुम्ही!" ती म्हणाली. इतक्या चटकन, की वाक्य जिभेवर तयारच ठेवलेलं असावं.

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं.

"खरंय ताई," तो म्हणाला. "आवरायला हवी."

मग त्याने दिवा बसवायची पट्टी फुकट दिली, कपाचं नावही काढलं नाही, आणि नवऱ्याला दारापर्यंत सोडायला आला. तिला वाटलं, यापेक्षा मघाची कुरकुर परवडली असती.

घरी दोघं चालत आली. पाय मोकळे करायचेत असं ती म्हणाली होती. नवऱ्याने नको म्हटलं नाही, सायकल हातात धरून तिच्या बाजूबाजूने चालत राहिला.

त्यांच्या घराची शिस्त वाखाणण्यासारखी होती. खुर्च्या जिथल्या तिथे, चपला भिंतीशी, आणि जेवणं दिवस असताना उरकलेली. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने एक स्टूल हातभर सरकवलं होतं. संध्याकाळी सासरे त्यावर आपटले, आणि त्या मवाळ माणसाने जन्मात एकदाच तिच्यावर आवाज चढवला. तेव्हापासून वस्तूची जागा हलवायची नाही, हे तिने गाठीशी बांधलं. घराण्याची वळणं असतात, तसं हेही एक वळण.

सासऱ्यांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ते कालव्याच्या दरवाज्यांवर रात्रपाळीला होते. ऐन चाळिशीत साहेब काहीतरी अपमानाचं बोलल्यावर त्यांनी किल्ल्या त्याच्या टेबलावर फेकल्या आणि ताठ मानेने घरी आले. सासू ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना सांगायची, किल्ल्या फेकल्याचा हात करून. पुढची वीस वर्षं त्यांनी घरी बसून खुर्च्या विणल्या, दिवसाउजेडी. ते मात्र ती सांगत नसे.

चिंगी पायरीवर बसून अभ्यास करत होती. नऊ वर्षांची पोर, पण दोन्ही गुडघ्यांवर जुन्या ओरखड्यांवर नवे ओरखडे. वेंधळी म्हणून तिला सगळे हसत, तीही हसे. ऊन सरकेल तशी ती पायरी-पायरीने खाली सरकायची.

"बाबा, आणला? किती मोठा आहे?"

"चल, बघू या. बोळात सगळे दिवे घालव."

स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत घरात लांबट बोळ होता. चिंगी बाहेरचं दार लावून त्याच टोकाला उभी राहिली. सासू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आपल्या खुर्चीत होती. तिने मान वळवली.

"मी दिवा धरतो. तू सरळ माझ्याकडे चालत ये. रस्ता दिसतो का, सांग."

दिवे गेले. पांढरा झोत बोळात सरळ रेषेत पसरला. भिंतीवरच्या ओलीच्या रेघासुद्धा मोजून घ्याव्यात, इतका लख्ख. आणि त्या उजेडात तिला दिसली बादली. पाहुणी आल्यासारखी, बोळात डाव्या बाजूला. दुकानात जायच्या घाईत तिने पुसायची बादली तिथेच ठेवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चिंगी निघाली. एक तळवा भिंतीवर टेकवून, बोटं सरकवत, ओठ हलवत. काय म्हणतेय ते ऐकायला तिने कान दिला. पोर पावलं मोजत होती.

"चिंगे, बादली—"

बादली घरंगळली, पाणी पसरलं, पोर त्यात गुडघ्यांवर पडली. रडली नाही. उठून सवयीने फ्रॉक पिळू लागली.

"मी वेंधळीच," चिंगी म्हणाली.

"नाही गं, तुझी चूक नाही," नवरा म्हणाला. दिवा त्याच्या हातात तसाच होता, झोत पोरीच्या डोक्यावरून बाहेरच्या दारावर पडलेला. "बादली कुठे होती? मलाही नाही दिसली. झोताला रुंदीच नाही याच्या. उद्या परत करायला हवा. त्याच्याकडे रुंद झोताचा असेल एखादा..."

ती बोळाच्या मध्ये उभी होती. तिच्या जिभेवर या वेळी एकही वाक्य तयार नव्हतं. बोळातला दिवा लावायला तिने हात उचलला, तो बटणावर तसाच राहिला.

सासू खुर्चीतून उठली. हात पुढे धरून, पण न अडखळता बोळात आली. चाळीस पावलांचं हे घर तिला चाळीस वर्षं पाठ होतं. ती पोरीपाशी वाकली, ओल्या गुडघ्यांवर तळवा ठेवला, मग पोरीचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन चाचपला, जणू तोही तिला आधीच पाठ होता.

"बाळ, तो दिवा परत करू नकोस," ती मुलाला म्हणाली.

"अगं आई, पण त्याचा झोत—"

"तुझ्या वडिलांचं साहेबाशी भांडण कधी झालंच नव्हतं."

नवऱ्याच्या हातातला दिवा हळूहळू खाली झुकला. जमिनीवरच्या पाण्यात उजेडाचा गोळा पडला.

"नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी तीन कंदील बदलले," सासू म्हणाली. तिचा हात अजून चिंगीच्या डोळ्यांवर होता. "तिन्ही चांगले होते."