फिटरकाकांनी मारलेलं बूच

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडलंत तरी मी पटकन तुमच्या नजरेला पडणार नाही. इंजिनाच्या वरच्या झाकणात खोचलेला मी एक जुना व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढा जीव. पोटात एक स्प्रिंग आणि एक छोटी दांडी, संपली माझी इस्टेट.

माझं काम सांगतो. इंजिनात पेट्रोल जळतं, तेव्हा थोडा धूर फटींतून निसटून खाली ऑइलच्या पोकळीत उतरतो. तो तिथेच कोंडला तर दाब वाढतो आणि ऑइल नासतं. मी तो धूर बेताबेताने एका रबरी नळीत सोडतो, आणि इंजिन तो परत ओढून जाळून टाकतं. सोळा वर्षं मी हे केलं. कौतुक व्हायचं ते चाकांचं, रंगाचं, फार तर हॉर्नचं. आम्हाला कोण विचारतो!

आमच्या मालकांनी जन्मभर पाणीपुरवठ्यात पाइप जोडले. सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. नळ ठिबकला की भरल्या ताटावरून उठायचे. काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दिवसाआड डायलिसिस, हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर, आणि त्या वाटेला दुसरं वाहन नाही. ती सगळी ये-जा आमच्याच भरवशावर होती.

एके दिवशी माझ्या नळीला चीर पडली आणि सूं सूं आवाज येऊ लागला. काकांनी कान लावला. त्यांचा आयुष्यभराचा हिशेब सरळ: आवाज आला की गळती, आणि गळती दिसली की ती बंद करायची. त्यांनी नळी काढून टाकली, माझ्या तोंडावर रबरी बूच ठोकलं, वर क्लिप आवळली. नळी पलीकडे इंजिनाला जिथे जोडली होती, ते भोकही बुजवलं. "झालं काम!" म्हणून हात पुसले. अहो काका, ती गळती नव्हती हो! पण मला वाचा कुठली?

पुढे व्हायचं तेच झालं. हवेची दुसरी बारीक वाट गाळाने आधीच चोंदलेली. आत दाब वाढत गेला. एका सीलमधून ऑइल झिरपलं. काकांनी ते बदललं, तर दुसऱ्यातून आलं. तेही बदललं, तर ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर उसळायला लागली. सांडलेलं ऑइल गरम पाइपावर जळायचं, धूर गाडीत शिरायचा, आणि काकू नाकाला रुमाल लावून बसायच्या. माझ्या पोटात गाळ साचून दांडी जागच्या जागी चिकटली. एका मिस्त्रीने वरवर बघून सांगून टाकलं, "इंजिन बसलंय. भंगारात काढा."

परत येताना काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, पुरे आता. गाडीही थकली, मीही थकले. तुमचे हाल बघवत नाहीत मला. या आठवड्याच्या फेऱ्या झाल्या की नकोच ते डायलिसिस."

ते थांबवलं तर काय होणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

शेवटच्या फेरीला निघाले त्या सकाळी काकांनी वाटेतल्या एका गॅरेजसमोर गाडी उभी केली. तिथली मिस्त्री एक तिशीतली बाई होती. "एकदा बघ गं पोरी," काका म्हणाले. तिने पान्याला हातसुद्धा लावला नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, ऑइलची पट्टी काढली आणि त्या भोकावर रबरी हातमोजा चढवला. हातमोजा टम्म फुगला, पाचही बोटं ताठ.

"आत कोंडतंय," ती म्हणाली आणि शोधत शोधत माझ्यापाशी आली. मला बुचासकट उपटून काढलं. हातमोजा लगेच खाली लोंबला.

"पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर एवढ्यानं दाब उतरला नसता. इंजिन ठणठणीत आहे, काका." मग मला कानाशी धरून हलवलं. चांगल्या व्हॉल्व्हची दांडी खुळखुळते. मी गप्प. "हा मात्र गेला. आणि हे बूच? आधीच्या मिस्त्रीचा उद्योग दिसतोय."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काका सुटले असते. मला वाटलं, म्हणतील. पण त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं.

"मी मारलंय ते बूच. गाडी थकली नव्हती गं. मीच तिचं नाक दाबून धरलं होतं. आणि त्यापायी तू..." भर रस्त्यात उभं राहून ते लहान मुलासारखे रडले.

काकू काच खाली करून म्हणाल्या, "डोळे पुसा आधी. आणि सोमवारी किती वाजता निघायचं ते सांगा."

माझ्या जागी नवा व्हॉल्व्ह बसला, नवी नळी आली. मी इथे गॅरेजात, गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात पडून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी आमची गाडी दारावरून गेली. धूर नव्हता. काकू मागे बसल्या होत्या.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. आमच्यासारख्यांना अधूनमधून बाहेर काढा, कानाशी धरून हलवा. खुळखुळलो तर परत बसवा. गप्प राहिलो तर जराही दयामाया न करता फेकून द्या. मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असतं.